डीव्हीडी अजून टाकवत नाहीत, म्हणून प्रोग्रेसिव्ह स्कॅन

डीव्हीडींनी कपाट भरलंय आणि त्यातले निम्मे सिनेमे कुठल्याच ॲपवर सापडत नाहीत. म्हणून पावसाळ्यात प्रोग्रेसिव्ह स्कॅनवाला, म्हणजे चित्राच्या सगळ्या रेषा एकदम पाठवणारा, जुना प्लेअर घेतला. टीव्ही ४० इंची, तोही जुनाच. आता बरेच महिने वापरून झालाय.

आधी वायरीचं, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. पिवळ्या पिनेतून प्रोग्रेसिव्ह चित्र जातच नाही. हिरवी-निळी-लाल कॉम्पोनंट केबल लागते, नाहीतर एचडीएमआय. शिवाय मेन्यूत जाऊन सेटिंग बदलावं लागतं, नाहीतर केबलचे पैसे फुकट.

पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीत ५७६ रेषा असतात. इंटरलेस्डमध्ये सेकंदाला ५० वेळा त्यातल्या अर्ध्याच येतात. एकदा सम, एकदा विषम. एलईडी टीव्ही त्या जोडूनच दाखवतो, पण माझ्या टीव्हीला ते काम नीट जमत नाही. सिनेमाच्या डिस्कवर दोन्ही अर्धे एकाच फ्रेमचे असतात, त्यामुळे प्लेअर ते अचूक जुळवतो. वर सरकणाऱ्या श्रेयनामावलीची थरथर गेली. नऊवारीच्या बारीक काठावर, खिडकीच्या गजांवर जी लुकलुक व्हायची ती थांबली. बायकोलाही न सांगता फरक कळला, म्हणजे आहेच!

नाटकांच्या डिस्कचं मात्र उलटं. ती व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतलेली, म्हणजे दोन अर्ध्यांत १/५० सेकंदाचं अंतर. नटाने झटकन हात फिरवला की कडेला आडवे दाते दिसतात. अशा वेळी मी इंटरलेस्ड लावून जोडकाम टीव्हीवर सोडतो. चित्र जरा मऊ दिसतं, पण दात्यांपेक्षा बरं. वैताग एवढाच, की डिस्क थांबवल्याशिवाय हे सेटिंग बदलत नाही.

व्हीसीडीकडून काही अपेक्षा ठेवू नका. ३५२ बाय २८८ चं चित्र. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

अमेरिकेतून आलेल्या एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीच्या डिस्कही स्वच्छ दिसतात, पण कॅमेरा सावकाश सरकताना किंचित धक्के जाणवतात. तिथे सिनेमाच्या सेकंदाच्या २४ फ्रेम टीव्हीच्या ६० मध्ये बसवताना एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवतात. पालमध्ये ही भानगड नाही. तिथे सिनेमाच चार टक्के जलद पळतो.

जुना प्लेअर घ्यायला जाणार असाल तर एखाद्या नाटकाची डिस्क खिशात ठेवा आणि दुकानातच लावून बघा. सिनेमा काय, कुठल्याही प्लेअरवर बरा दिसतो.