सृष्टिकथांचा भिंतीवरचा तक्ता : चित्रं देखणी, बाण चुकलेले

हिंदू पुराणकथांमधली सृष्टीची उत्पत्ती एकाच कागदावर मांडणारा हा तक्ता. वर वेद, मधे पुराणं, उजव्या रकान्यात कालगणना. चित्रकाराचा हात तयारीचा आहे. मजकूर तपासणारा मात्र घाईत असावा.

सर्वांत जमलेला भाग नऊ सर्गांचा, म्हणजे सृष्टीच्या निर्मितीच्या नऊ टप्प्यांचा. विष्णुपुराणाच्या पहिल्या अंशातली विभागणी नीट उतरली आहे : महत् (विश्वाचं बुद्धितत्त्व), तन्मात्रा (पंचमहाभूतांची सूक्ष्म रूपं) आणि इंद्रियं हे तीन प्राकृत, म्हणजे मूळ प्रकृतीतून थेट आलेले सर्ग, स्थावर, पशुपक्षी, देव, मनुष्य आणि अनुग्रह हे पाच वैकृत, म्हणजे त्यापुढचे, नववा कौमार, सनत्कुमार वगैरे ब्रह्मपुत्रांचा. महत् किंवा तन्मात्रा चितारणार कशा? इथे नुसत्या रंगपट्ट्यांवर भागवलंय, आणि ते पुरतं.

गोंधळ घातलाय तो चित्रं जोडणाऱ्या बाणांनी. हिरण्यगर्भ (सृष्टीचं सोनेरी बीज), मग नाभिकमळातला ब्रह्मदेव, मग वराह, मग समुद्रमंथन, अशी सलग गोष्ट केली आहे. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात पाद्म (कमळाचा) कल्प आधीचा, वाराह कल्प चालू. म्हणजे कमळ आणि वराह यांच्या मधे ब्रह्मदेवाची एक अख्खी रात्र जाते. बाण काढायचाच होता तर त्यावर प्रलय लिहायला हवा होता. समुद्रमंथनाचं तर इथे कामच नाही. मंदार, वासुकी, देव, असुर सगळे तोवर हजर असतात! वराहाखाली फक्त ‘विष्णूचा अवतार’ छापलंय. यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत वराहरूप घेतो तो सृष्टिकर्ता प्रजापती, हे कुठेच नाही. सृष्टी कुठून आली असं विचारणाऱ्या, ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताच्या सात ऋचांपैकी शेवटची गाळली आहे. ‘तो जाणतो, किंवा तोही जाणत नसेल’ हे गेलं की सूक्ताचा प्रश्न जातो आणि उरते एक ठाम माहिती.

कालगणनेत ‘७१ महायुगं × १४ मन्वंतरं = १००० महायुगं’ असं आहे (महायुग म्हणजे चार युगांचा एक फेरा, मन्वंतर म्हणजे एका मनूचा काळ). गुणाकार ९९४ येतो. उरलेली ६ मन्वंतरांच्या आधीच्या, मधल्या आणि शेवटच्या संधिकाळांची : १५ संधी, प्रत्येक कृतयुगाएवढा (सत्ययुगाएवढा), म्हणजे १७,२८,००० वर्षांचा. महायुग ४३,२०,००० वर्षांचं, म्हणून १५ संधींची बरोबर ६ महायुगं भरतात आणि ४३२ कोटी वर्षांचा कल्प पुरा होतो. एका ओळीचा मजकूर, पण तो नसल्यानं चुणचुणीत मूल पहिल्याच गुणाकारात अडकेल.

कागद जाड आहे. लॅमिनेशन चकचकीत असल्यानं खिडकीसमोरच्या भिंतीवर अर्धा तक्ता उजेडातच हरवतो. संस्कृत वचनांचा टाइप इतका बारीक की हातभर अंतरावरूनच वाचता येतो.

वर्गात लावायचा झाल्यास तिन्ही बाणांवर पांढरी चिकटपट्टी लावा आणि कालगणनेत ‘+ १५ संधी’ लिहून घ्या. त्यासाठी मार्कर हवा, साध्या पेनाची शाई लॅमिनेशनवर टिकत नाही.