नव्या पार्टचे पैसे घेतले आणि वाकलेलाच आर्म ठोकून परत बसवला, नाशिककरांनो सस्पेन्शनचं काम करताना जपा

गाडी स्पोर्ट्स कार असो नाहीतर साधी स्विफ्ट, फुटपाथला चाक आदळून सस्पेन्शनचं काम निघालं असेल तर हे पूर्ण वाचा. या कामात गिऱ्हाइकाला गंडवणं फार सोपं आहे, पार्ट गाडीच्या पोटाखाली असतो, वाकून कोणी बघत नाही आणि बिल लाखाच्या घरात जातं.

माझी बीएमडब्ल्यू झेड फोर आहे, २०१३ चं मॉडेल, सेकंड हँड घेतलेली. पावसाळ्यात रात्री गंगापूर रोडने घरी येत होतो, समोरून एक बाइकवाला राँग साइडने आला, त्याला वाचवायला डावीकडे घेतली आणि पुढचं डावं चाक फुटपाथच्या दगडावर चढलं. स्पीड फार नव्हता. पण माझ्या गाडीला रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे टायर आहेत, त्यांची साइडवॉल इतकी कडक असते की टायर फारसा दबत नाही, धक्का रिमवर येतो आणि तिथून थेट आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यावर. रिम चेपली, स्टीअरिंग तिरकं झालं, गाडी डावीकडे ओढायला लागली.

ओळखीच्यांनी अंबड बाजूच्या एका मल्टिब्रँड गॅरेजचं नाव सुचवलं. मालक बोलायला एकदम गोड. पहिल्याच दिवशी म्हणाला, "साहेब क्लेम नका टाकू, तुमचा पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे तो जाईल, मी तुम्हाला रेट लावून देतो." ऐकायला हिताचं वाटतं, आणि क्लेम घेतला की तो बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यावरची सूट, जाते हेही खरं आहे. पण यामागचा खरा हिशोब मला नंतर कळला. क्लेम टाकला की विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो, डॅमेज झालेल्या पार्टचे फोटो काढतो, काय बदललं ते तपासू शकतो. क्लेम नाही म्हणजे तपासणारा तिसरा माणूसच नाही. गॅरेजवालाच क्लेम नको म्हणून मागे लागला तर तिथेच थांबा.

एस्टिमेटमध्ये लोअर आर्म (खालचा आर्म), त्याच्या पुढचा टेन्शन स्ट्रट (चाकाला पुढे-मागे सरकू न देणारा दांडा), टाय रॉड (स्टीअरिंगचं वळण चाकाला देणारा दांडा), शॉकअप, रिम रिपेअर आणि अलाइनमेंट होतं. मला व्हॉट्सअ‍ॅपवर लेमफर्डर या पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या नव्याकोऱ्या बॉक्सचे फोटो आले, बॉक्स उघडून आतला पार्टही दाखवला. १ लाख ३८ हजार रुपये जीएसटीसकट ऑनलाइन भरले. सोबत अलाइनमेंटची प्रिंट मिळाली, सगळे आकडे हिरवे.

गाडी हातात आली तेव्हा सरळ चालत होती, स्टीअरिंगही मध्ये. पण मुंबईला निघालो तेव्हा कसाऱ्याच्या उतारावर ब्रेक दाबला की गाडी डावीकडे झुकायची, आणि खड्ड्यातून गेलं की खालून खट्ट असा आवाज. गॅरेजवाला म्हणे नवीन बुश (जोडावरचे रबर) आहेत, सेट व्हायला वेळ लागतो. मग डाव्या टायरची बाहेरची कड उडायला लागली. बाकीचा टायर नवा वाटावा असा आणि कडेची दोन बोटं पट्टी गुळगुळीत.

सातपूरला एक जुने अलाइनमेंटवाले काका आहेत, त्यांच्याकडे नेली. काकांनी मशीन लावायच्या आधी मला खाली बसवलं आणि चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट बघायला लावली. उजवीकडे पुढे आणि मागे जवळपास सारखी फट, डावीकडे चाक मागे सरकलेलं, मागच्या बाजूला जेमतेम बोटं जात होती. म्हणजे चाक अजून धक्क्याने सरकलेल्या जागीच होतं. गाडी लिफ्टवर घेतल्यावर त्यांनी टाय रॉडचे आटे दाखवले, एका बाजूला आटे बरेच बाहेर आलेले, दुसऱ्या बाजूला जवळजवळ सगळे आत. चाक वाकडं असताना टाय रॉड फिरवून फिरवून टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते, तेवढं जमवलं होतं, म्हणून स्टीअरिंग मध्ये दिसत होतं. मशीनवर कॅम्बर, म्हणजे समोरून बघितलं तर चाक आत-बाहेर किती कललंय तो कोन, उजवीकडे उणे २० मिनिटं आणि डावीकडे अधिक ५० मिनिटं (साठ मिनिटांचा एक अंश). पुढचा कॅम्बर या गाडीत फारसा अ‍ॅडजस्टच होत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंत एवढा फरक आला की काहीतरी वाकलेलं आहे असंच समजायचं.

मग काकांनी लोअर आर्मवर नख घासलं. चंदेरी स्प्रे पेंटचा पापुद्रा सुटून आला आणि खाली काळपटलेलं अ‍ॅल्युमिनियम, त्यावर हातोडीचे चपटे ठसे. "भाऊ, हा नवा नाही, तापवून सरळ केलाय." टेन्शन स्ट्रटच्या बुशमध्ये तेल भरलेलं असतं, तो बुश फुटून तेलाचा ओघळ वाळून चिकटलेला होता. नव्या बॉक्समधला पार्ट फक्त फोटोपुरता होता, माझ्या गाडीला तो लागलाच नाही.

मला राग पैशांचा कमी आणि या गोष्टीचा जास्त आहे. अ‍ॅल्युमिनियमचा आर्म तापवला की त्याचं हीट ट्रीटमेंट जातं, ताकद कमी होते, ठोकताना आत बारीक भेगा पडू शकतात. असा आर्म महिनोन्‌महिने चालेल किंवा घाटात ब्रेक मारताना तुटेल, सांगता येत नाही. त्या गाडीत माझ्या शेजारी माझी बायको बसते. लोखंडाचा आर्म असला तरी वाकलेला सरळ करून लावायचा नसतो, बदलायचाच असतो.

गॅरेजला गेलो तर मालक आधी म्हणाला रिकंडिशनच सांगितला होता, मग म्हणाला पोरांकडून चुकून झालं असेल. जुने पार्ट कुठे विचारलं तर भंगारात गेले. मग मी घरी बसून कागद नीट बघितले. अलाइनमेंटच्या प्रिंटवर गाडीचा नंबर नव्हता आणि वेळ सकाळी ११ वाजून २० मिनिटं, आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्यानेच मला पाठवलेल्या फोटोत गाडी जॅकवर, डावं चाक काढलेलं! दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीची प्रिंट मला दिली होती. बिलावरचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा, महाराष्ट्राचाच, पण जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर रजिस्ट्रेशन कॅन्सल दाखवतंय. म्हणजे जीएसटी म्हणून घेतलेले पैसेही त्याच्याच खिशात.

तुम्ही काम करून घेताना बिलावर नुसतं "लोअर आर्म १ नग" लिहून घेऊ नका, पार्ट नंबर लिहायला लावा. बीएमडब्ल्यूचा नंबर अकरा आकडी असतो, पुढच्या एक्सलचे पार्ट ३१ ने सुरू होतात, शोरूमला फोन करून कोणीही पडताळू शकतं. नवा पार्ट बसवायच्या आधी त्यावर मार्करने स्वतःची सही करा आणि पैसे द्यायच्या आधी लिफ्टवर ती सही बघा. जुना पार्ट घरी घेऊन जाणार हे गाडी सोडतानाच सांगा, त्याने तोंड वाकडं केलं तर गाडी तिथे सोडूच नका. आणि अलाइनमेंट दुसऱ्या दुकानात करा, हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

मी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, गॅरेजने उत्तरच दिलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन टाकता येते, फक्त घटनेपासून दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. काकांनी काढलेला आर्म, फुटका बुश आणि त्यांचा मशीनचा रिपोर्ट मी जपून ठेवलाय, आयोगाला वाटलं तर आर्म लॅबला पाठवता येतो. खरे नवीन पार्ट मुंबईहून मागवून बसवले, त्याचं बिल पार्ट नंबरसकट केसला जोडलंय. तुमच्याकडेही असं कॅन्सल झालेल्या जीएसटी नंबरचं बिल आलं असेल तर फेकू नका, पोर्टलचा स्क्रीनशॉट तारखेसह काढून ठेवा आणि मला कळवा, आपण तक्रारी एकत्र देऊ.