‘कॅज्युअल’ जहाज आणि बाथरूममधली दीड मीटर दोरी

आठ महिने, समुद्रसफरीची (क्रूझची) तीन छोटी जहाजं, एकूण २६ रात्री. शेवटच्या सफरीच्या बिलात धुलाईचे ६४ डॉलर निघाले आणि हे लिहायला घेतलं. शर्टाला पाच, पँटला सात, कुर्त्याला दहा, मोज्यांच्या जोडाला दोन. मोज्यांच्या जोडाला! तेवढ्या पैशांत दादरला फुटपाथवर नवे तीन जोड येतात. कंपनीचं नाव देत नाही. बाकी दोन जहाजांवरचे दरही फार वेगळे नव्हते.

छोटं लक्झरी जहाज म्हणजे काय, पोर्टहोल (गोल खिडकी) आणि बाल्कनीच्या खोलीत भाड्याचा फरक किती, हे वाचणाऱ्याला ठाऊक असणार. प्रश्न आहे तो ‘ड्रेस कोड कॅज्युअल’ या तीन शब्दांचा. ब्रोशरमध्ये ते वाचलं की सूट-टाय घरी ठेवायचा, एका केबिन बॅगेत काम भागेल, असं वाटतं. निम्मं खरं आहे. विंडस्टार, सीड्रीम, स्टार क्लिपर्स या छोट्या जहाजांच्या कंपन्यांपैकी कुठेही जेवायला कोट-टाय लागत नाही. सीड्रीमवाले त्याला ‘यॉट कॅज्युअल’ म्हणतात. पण संध्याकाळच्या मुख्य डायनिंग हॉलमध्ये पुरुषाने फुल पँट आणि कॉलरचा शर्ट घालावा ही अपेक्षा असते; शॉर्ट्स, गंजी, रबरी चपला चालत नाहीत. म्हणजे दिवसाचे कपडे वेगळे, रात्रीचे वेगळे. ऑगस्टमध्ये ग्रीसच्या बेटांवर सकाळी दहाला फिरायला गेलात की अकरापर्यंत शर्ट पिळून काढावा असा होतो, आणि तो संध्याकाळी पुन्हा घालता येत नाही. कोट असता तर एकच कोट सात रात्री चालला असता, त्याखालचा शर्ट कुणी बघत नाही. कॅज्युअलमध्ये सगळे शर्टच बघतात.

इथे एक गंमत आहे, आणि जहाज निवडताना ती कुणी सांगत नाही. जिथे प्रवाशांनी स्वतः चालवायची वॉशिंग मशीन साबणासकट फुकट असते, ती बहुतेक जहाजं आकाराने मोठी किंवा रिवाजाने नटवी. सीबोर्न कंपनीकडे अशी लाँड्री आहे, पण एन्कोर (२०१६) आणि ओव्हेशन (२०१८) या जहाजांवर सहाशे प्रवासी असतात. सिल्व्हरसीच्या बहुतेक जहाजांवर आहे, पण तिथे फॉर्मल रात्रींचा, म्हणजे नटूनथटून जेवायला जायचा रिवाज. वायकिंगवर लाँड्री आहे आणि फॉर्मल रात्र नाही, मात्र ९३० प्रवाशांच्या जहाजाला छोटं म्हणवत नाही. उलट खरोखर छोटी आणि खरोखर मोकळीढाकळी जहाजं घ्या: सीड्रीमची जोडी (१९८४ आणि १९८५ची, मूळ नाव सी गॉडेस, ११२ प्रवासी), विंडस्टार कंपनीची विंड स्टार आणि विंड स्पिरिट (१९८६ आणि १९८८, १४८ प्रवासी), स्टार क्लिपर्स कंपनीची स्टार फ्लायर आणि स्टार क्लिपर (१६६ प्रवासी), तिचंच पाच डोलकाठ्या नि ४२ शिडांचं रॉयल क्लिपर (२०००, २२७ प्रवासी). यांपैकी एकावरही प्रवाशांसाठी मशीन नाही. कारण साधं आहे. दोन मशीन, दोन ड्रायर आणि इस्त्रीचं टेबल यांना लागणाऱ्या जागेत जवळजवळ एक खोली बसते, आणि खोलीला गिऱ्हाईक मिळतं. शिवाय ड्रायरच्या जाळीत साचणारा कापसासारखा भुगा पेट घेतो. समुद्रात आगीइतकी भीती कशाचीच नसते, म्हणून अशा जहाजावर तळमजल्यावरची एकच लाँड्री, आणि तिच्यावर चादरी-टॉवेलांचा भार आधी.

खोलीत इस्त्री आणायचा विचार सोडा. प्रवासी इस्त्री, हातातला स्टीमर, पाणी तापवायची कॉइल या तिन्ही वस्तू चढताना स्कॅनरमध्ये दिसल्या की काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात.

मशीन नाही तर हाताने धुवायचं, आणि वाळवायला बाथरूममधली ती दोरी. शॉवरच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, क्रोमची चपटी गोल डबी असते. तिच्या तोंडाशी बारीक मणी. तो ओढला की आतली स्प्रिंगवरची दोरी बाहेर येते आणि समोरच्या भिंतीतल्या खुंटीत अडकवायची. लांबी जेमतेम दीड मीटर. खोली पाहताना मी आता पलंगाआधी ही डबी पाहतो. तिच्यात दोन प्रकार असतात. डबीवर फिरवायची छोटी चकती असेल तर दोरी ताणून कुलूप करता येते आणि तीन शर्ट सहज राहतात. चकती नसेल तर ताण फक्त स्प्रिंगचा. दुसरा ओला शर्ट टाकला की दोरी पोटात लोंबते आणि सगळे कपडे मध्यभागी येऊन एकमेकांना चिकटतात. मग वाळत काहीच नाही. यावर उपाय म्हणजे मणी खुंटीत अडकवण्याआधी दोरीला तिथे एक जादा वेढा द्यायचा, आणि कपडे टोकांकडे टाकून मधला भाग मोकळा ठेवायचा. ओली जीन्स कधीही नाही, स्प्रिंग बसते आणि डबी उखडून हातात येते. छताला जो पितळी किंवा पांढरा नळीसारखा कोंब दिसतो त्याला हँगर लावू नका. तो आग विझवायचा स्प्रिंकलर असतो. त्याची काचेची कुपी फुटली तर तुमची खोली आणि खालची खोली, दोन्ही भिजतात.

धुण्याबद्दल दोनच गोष्टी. जहाजावरचं पाणी बहुधा समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून केलेलं, म्हणून मऊ. बोअरच्या पाण्याची सवय असलेला माणूस नेहमीइतका साबण टाकतो आणि मग फेस जाता जात नाही. नेहमीच्या निम्मा पुरे. एका शर्टाला अर्धा चमचा लिक्विड. दुसरं, पिळण्यावर सगळं अवलंबून. शर्ट हाताने पिळायचा, मग कोरड्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट घट्ट गुंडाळी करायची आणि तिच्यावर गुडघा ठेवून दाबायचं. टॉवेल रोज दोनदा बदलून मिळतात, त्यांचा हाच खरा उपयोग. एवढं केल्यावर पॉलिस्टर मिश्रणाचा शर्ट पाच तासांत वाळतो, लिननचा सात-आठ, जाड सुती कुर्ता मात्र सकाळीही शिवणीत ओलाच. बाथरूमचं दार चार बोटं उघडं ठेवायचं. आतला एक्झॉस्ट खोलीतली एसीची कोरडी हवा ओढतो आणि कपड्यांवरून नेतो. दार गच्च लावलंत तर कपडे त्याच दमट हवेत रात्र काढतात आणि कुबट वास येतो. बाल्कनी असली तरी तिथे वाळत घालू देत नाहीत, आणि तशीही खारी हवा कपडे चिकट करते.

इथपर्यंत वाचून वाटेल की जहाजाची लाँड्री म्हणजे शुद्ध लूट. पहिल्या दोन सफरींत माझं मत तेच होतं. तिसऱ्या सफरीत दरपत्रक नीट वाचलं तेव्हा कळलं की ‘फक्त प्रेसिंग’चा दर धुलाईच्या निम्म्याहून कमी असतो. धुणं दोरीवर आणि इस्त्री त्यांच्याकडून, हा मेळ जमतो. सकाळी नऊच्या आत पिशवी दिली की संध्याकाळी हँगरवर शर्ट परत, कॉलर अशी की पुण्यातल्या इस्त्रीवाल्यानेही मान डोलवावी. शिवाय काही जहाजांवर सफरीच्या मध्यावर ‘एक पिशवी, एक दर’ असा एक दिवस येतो. तो दिवस आधीच विचारून ठेवायचा. ६४ डॉलरचं बिल त्यानंतरचं आहे हे कबूल. आळस केला, सगळं एकत्र पिशवीत टाकलं. मोजेसुद्धा.

लिनन ड्रायरमध्ये टाकू नका, असं पिशवीवरच्या फॉर्मवर मोठ्या अक्षरांत लिहायचं. लिहिलं नाही आणि कुर्ता आखडला, तर भरपाई कंपनीच्या नियमात धुलाईच्या दराच्या काही पटीतच मिळते, कुर्त्याच्या किमतीइतकी नाही.

म्हणून पुरुषाने सात रात्रींसाठी न्यायचं ते असं: कॉलरचे तीन शर्ट, त्यातले दोन मिश्रणाचे, दोन पँट, एक तरी गडद, एक कुर्ता, तो कॅज्युअलमध्ये आरामात बसतो. साडी नेसायला काहीच हरकत नाही, पण डेकवर वारा असतो आणि शिडाच्या जहाजाचे जिने उभे, तेव्हा साडी आतल्या हॉलसाठी. कोल्हापुरी नेऊ नका. ओल्या सागवानी डेकवर चामड्याचा तळ घसरतो, आणि बोटीतून बेटावर उतरताना कधीकधी घोटाभर पाण्यात पाय टाकावा लागतो. रबरी तळाचे, डाग न पाडणारे सँडल.

बाकीचं थोडक्यात. छोटं जहाज हलतं. दोरीवरचा शर्ट लंबकासारखा किती झुलतो त्यावरून समुद्राचा अंदाज येतो. मधली, खालच्या डेकवरची खोली घ्या. अगदी पुढची नको. सकाळी सहाला नांगराची साखळी सुटते तेव्हा उशाशी कुणी पत्र्याच्या बादल्या ओततंय असं वाटतं. भाड्यांची तुलना करताना सीड्रीममध्ये दारू आणि टिप्स धरलेल्या असतात, विंडस्टार आणि स्टार क्लिपर्सच्या मूळ भाड्यात दारू नसते, हे लक्षात ठेवा. न पिणाऱ्याला दुसरा प्रकार स्वस्त पडतो. खऱ्या शिडांचा सोस असेल तर स्टार क्लिपर्स. विंडस्टारची शिडं बटणावर उघडतात आणि इंजिनही बराच वेळ चालू असतं. शाकाहाराचं बुकिंग करतानाच लिहून द्या आणि पहिल्या संध्याकाळी मेत्र डीला (डायनिंग हॉलच्या प्रमुखाला) पुन्हा सांगा. किचनमध्ये गोव्याचा एखादा तारवटी (जहाजावर नोकरी करणारा) निघाला तर तिसऱ्या दिवशी वरण-भात मिळतो, पण त्या भरवशावर राहू नका. सफर ग्रीसमधून निघून तुर्कस्तानच्या कुशादासीला जाऊन परत ग्रीसला येत असेल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा. सिंगल एंट्रीवाल्याची परत येतानाची वाट बंद होते, म्हणून जहाजच चढू देत नाही.



चिमटे न्या. सहा पुरतात, लाकडी नकोत, ओले झाले की शर्टावर पिवळा डाग सोडतात. आणि शेवटच्या रात्री काहीही धुवू नका. उतरण्याच्या आदल्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात, त्या सकाळी थेट धक्क्यावर दिसतात. ओला शर्ट दोरीवर, बॅग बाहेर, आणि विमानात हातात ठिबकणारी प्लास्टिकची पिशवी घेतलेले दोन प्रवासी मी पाहिलेत. त्यातला एक आरशात.