फौजेतलं बीपी जॅकेट : जुनं आणि नवं, वापरून सांगतो

बुलेटप्रूफ जॅकेट काही दुकानात जाऊन घ्यायची वस्तू नाही, तरी सगळ्यात जास्त प्रश्न मला त्याबद्दलच येतात. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा मोठा काळ राष्ट्रीय रायफल्ससोबत कुपवाड्यात गेला, आता सातारा जिल्ह्यात गावी असतो. भरती झालेल्या पोरांच्या आया विचारतात, "भाऊ, सरकार जॅकेट देतं ना, मग पोरं घालत का नाहीत?" माझं उत्तर एकच असतं. पोरं बेफिकीर नाहीत, जॅकेट कसं आहे ते आधी बघा.

जुनं जॅकेट, ज्याला आम्ही नुसतं बीपी म्हणायचो, दहा किलोच्या वर भरायचं. त्यावर भरलेली एके, मॅगझिनचे पाऊच, ग्रेनेड, पाणी, सुका शिधा. डोक्यावर पटका, म्हणजे कपाळाला आणि मागच्या बाजूला जाड पत्रा असलेलं शिरस्त्राण, वरून टाळू उघडीच. हे सगळं घेऊन कुपवाड्यातल्या लोलाब खोऱ्याच्या देवदारात रात्रभर चढायचं. पहिला तास काही वाटत नाही. मग प्लेटची, म्हणजे जॅकेटात बसवलेल्या गोळी अडवणाऱ्या कडक पाटीची, खालची कड प्रत्येक पावलाला कमरेच्या हाडावर घासायला लागते. छातीवर आवळलेला पट्टा पूर्ण श्वास घेऊ देत नाही. आतला घाम बाहेर पडत नाही, आणि नाका लावून, म्हणजे वाट अडवून दबा धरून, बसलं की तोच घाम बर्फासारखा गार होतो. पहाटेपर्यंत माणूस मेटाकुटीला येतो. गोळीबार सुरू व्हायच्या वेळी ज्याचे पाय थरथरतायत, त्याला जॅकेट किती वाचवणार?

झोपून नेम धरताना तर फारच पंचाईत. जॅकेटची मागची कॉलर पटक्याला ढकलते आणि पटका डोळ्यांवर येतो. खांद्याचा पट्टा जाड, त्यामुळे रायफलचा दस्ता जागेवर बसत नाही, घसरतो. ज्याला समोरचं दिसत नाही आणि नीट नेम धरता येत नाही, तो जवान एक तर पटका मागे सारतो, नाहीतर जॅकेटचा पट्टा सैल करतो. गळ्याचा आणि जांघेचा तुकडा तर सगळ्यात आधी निघायचा. मी कितीदा तरी ओरडलो असेन, पण ते का काढतायत हे मलाही दिसत होतं.

साहेब लोकांचं कारण थोडं वेगळं. गावात जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं असेल तर अंगावर चिलखत नको, समोरचा बिचकतो, असं म्हणणारे अधिकारी मी पाहिलेत. ते काही अंशी खरंही आहे. आणि जिथे सगळ्या पार्टीला जॅकेटं पुरायची नाहीत, तिथे स्वतःचं जवानाला देणारे साहेबही होते. १,८६,१३८ जॅकेटांच्या खरेदीला मंजुरी मिळाली २००९ साली आणि ६३९ कोटींचा करार झाला एप्रिल २०१८ मध्ये. मधल्या काळात, २०१६ साली, पन्नास हजारांची तातडीची खरेदी झाली, तेवढाच आधार. ही नऊ वर्षं कुणाच्या अंगावरून गेली हे मला माहीत आहे, म्हणून त्याचा राग अजून गेलेला नाही. पण अनुभव असा की कंपनी कमांडर स्वतः घालून पुढे चालला की सांगावं लागत नाही, पलटण घालते.

नोकरीच्या शेवटी नव्या खरेदीतलं जॅकेट अंगावर चढलं. वजनात जमीन-अस्मानाचा फरक नाही. फरक आहे तो भार वाटण्यात. ओझं खांद्यावरून थोडं कमरेवर येतं, हात मोकळा फिरतो, रायफल खांद्याला बसते. बोरॉन कार्बाइड या कठीण सिरॅमिकच्या प्लेटा पोलादी गाभ्याची, साधं जॅकेट भेदणारी गोळीही अडवतात. ३१ डिसेंबर २०१७ ला लेथपोऱ्याच्या सीआरपीएफ तळावर अतिरेक्यांनी तसल्या गोळ्या वापरल्यापासून तो धाक प्रत्येकाच्या मनात होता. सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे भाग सुटे करता येतात. लांबच्या गस्तीला कमी तुकडे, अतिरेकी लपलेल्या घरात शिरायचं असेल तर सगळे. आता काय काढायचं ते जवानाला चोरून ठरवावं लागत नाही, हुकमातच येतं.

खोट अशी की मापं. छातीनं रुंद पण बुटका गडी खाली बसला की पुढची प्लेट त्याच्या मांडीवर टेकते आणि वर गळ्याला लागते. शिवाय सिरॅमिक प्लेट आदळली तर आत तडा जातो आणि वरून कळत नाही. गाडीतून खाली फेकू नका, त्यावर बसू नका, हे प्रत्येक नव्या पोराला शिकवायला लागतं.

जॅकेट सगळीकडे उपयोगी असतं असंही नाही. गडचिरोलीत १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगानं पोलिसांची गाडी उडवली, १५ पोलीस आणि चालक गेले. तिथे छातीवरची प्लेट काय करणार? त्या जंगलात उन्हाळ्यात दिवसेंदिवस पायी फिरणारा जवान जॅकेटऐवजी जास्तीचं पाणी उचलतो, तर त्याला मी तरी दोष देणार नाही.

माझे गुण: जुन्याला पाचात दोन, नव्याला चार. २०२४ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीनं मिळून केलेलं 'अभेद' ८.२ किलोपासून आहे म्हणतात. ते मी घातलेलं नाही, पण त्याला माझी एक मागणी आहे. चाचणी नुसती फायरिंग रेंजवर घेऊ नका. दहा जणांच्या सेक्शनला ते घालून रात्रभर डोंगर चढायला लावा, सकाळी झोपून फायर करायला लावा, आणि कुणी कुठला पट्टा सैल केलाय ते तपासा.

भरतीला निघालेल्या पोरांनो, जॅकेट मिळालं की पहिल्याच दिवशी पट्टे स्वतःच्या मापाला लावून घ्या. पुढच्या प्लेटची वरची कड गळ्याखालच्या खळगीपाशी आली पाहिजे. खाली लोंबत असेल तर छातीचा वरचा भाग उघडा पडतो. आणि घरात शिरायचं असेल त्या दिवशी बाजूच्या प्लेटा काढू नका, कितीही काचल्या तरी.