‘१ नग’ घर

बिलावर स्वच्छ लिहिलं होतं : प्रीफॅब्रिकेटेड स्ट्रक्चर, १ नग, जीएसटी १८ टक्के. म्हणजे कारखान्यात तयार केलेले भाग जागेवर आणून जोडलेलं घर. मी घर घेतलंय असं गावभर सांगत होतो. कागद सांगत होता की मी माल घेतलाय.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अक्कलकोट रोडला दोन गुंठे आणि त्यावर तयार घर. स्वामींच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांना ते भाड्यानं द्यायचं. कंपनीचा माणूस म्हणाला, “अण्णा, ४५ दिवसांत चावी. महिन्याला १२ हजार आम्ही देणार. विटा-वाळूत पैसा कशाला अडकवताय?” त्याच वर्षी मेहुण्याचं जुळे सोलापुरात बांधकाम चालू होतं. स्लॅब पडायलाच सात महिने गेले. मी त्याला हसायचो.

जागेचे चार लाख, वरच्या घराचे, म्हणजे त्या डब्याचे, साडेनऊ. घर पन्नास दिवसांत उभं राहिलं, ते खोटं नाही. भाडं पाच महिने आलं, मग फोन लागेना.

एप्रिलमध्ये आत बसवेना, म्हणून एसी लावायचं ठरवलं. इलेक्ट्रिशियननं भिंतीला ड्रिल लावलं आणि पांढऱ्या मण्यांची बरसात झाली. थर्माकोल! आम्हाला ५० एमएम पफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनेल म्हणून विकलं होतं. पफ पिवळसर, एकसंध फोम असतो. इथं मणी त्या पोराच्या मिशीला चिकटलेले, आणि तो माझ्याकडं बघून हसू की नको अशा चेहऱ्यानं उभा. खाली मुरूम भरून नीट दाबलाच नव्हता. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दुसऱ्या पावसाळ्यात दार बसेना झालं.

खरा दणका बँकेत बसला. मुलीच्या शिक्षणासाठी ते तारण ठेवायला गेलो. साहेबांनी जमिनीची एनए (बिगरशेती) ऑर्डर मागितली, मंजूर नकाशा मागितला. माझ्याकडं ब्रोशर होतं. सातबाऱ्यावर तर आम्ही नऊ जण सामाईक. तुकडेबंदीमुळं, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे पाडायला बंदी असल्यामुळं, दोन गुंठ्यांचा वेगळा सातबारा होत नव्हता, म्हणून सगळ्यांची नावं एकत्र लावायची ही युक्ती. महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर मी सुरुवातीला कंपनीला विचारला होता. “अण्णा, हा प्रोजेक्ट नाही, आम्ही फक्त माल पुरवतो.” तेव्हा मला ते साधेपणाचं वाटलं! मेहुण्याला त्याच्या विटा-वाळूच्या घरावर त्याच बँकेनं कर्ज दिलं.

प्रीफॅबला मी नावं ठेवत नाही. साइट ऑफिसला, शेतावरच्या खोलीला ते झकास. पण गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर टोकन द्यायच्या आधी बँकेत जाऊन विचारा, यावर कर्ज देता का. नाही म्हणाले तर तिथूनच परत फिरा. पॅनेलचा तुकडा समोर कापून घ्या, पफची घनता आणि जाडी बिलावर लिहून घ्या. आणि ठरलेलं भाडं म्हणून जे येतं, ते बहुतेक आपलेच पैसे असतात.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. परवा एक भंगारवाला बघून गेला. पत्रा किलोवर घेतो म्हणाला, थर्माकोल मात्र तुम्हीच काढून द्या.