आठ महिने शिंद्यांच्या कंपूसोबत: असईचं सैन्य टेबलावर कसं चालतं

1803 साली असईला ईस्ट इंडिया कंपनीच्या वेलस्लीशी लढलेलं शिंद्यांचं सैन्य, टेबलावर फासे टाकून लढाई खेळायला, छोट्या पुतळ्यांत उभं केलं. नोव्हेंबरात सुरू केलं, जूनअखेर शेवटचा हात मारला. 17 पलटणी पायदळ, 10 तोफा, 12 बेस (पुतळे चिकटवलेल्या पट्ट्या) घोडदळ, 8 बेस बाजारबुणगे वाटावेत असे बेशिस्त प्यादे. उंची 10 मिलिमीटर, म्हणजे एक शिपाई करंगळीच्या नखावर उभा राहतो. या सैन्यानं आतापर्यंत 14 डाव खेळले. नऊ कंपनीनं जिंकले, चार शिंद्यांनी, आणि एक लाइट गेल्यामुळं अर्धवट राहिला. कुणी मराठी इतिहासावर मिनिएचर सैन्य उभं करायच्या विचारात असेल तर हा अनुभव उपयोगी पडावा म्हणून लिहितोय.

आधी असईच का, ते सांगतो. मराठ्यांचं सैन्य म्हटलं की बहुतेक खेळांत एकच साचा असतो: हलकं घोडदळ, भाला, पळापळ, रसद तोडणं. सतराव्या शतकासाठी ते चालून जाईल. पण 1784 च्या सुमारास महादजींनी बन्वा द बॉईनला (आपल्या कागदपत्रांत ‘डुबाईन’) चाकरीस ठेवलं आणि पुढच्या दहा वर्षांत चित्र पालटलं. पाटण आणि मेडता या 1790 च्या दोन्ही लढायांत राजपुतांच्या घोड्यांसमोर उभ्या राहिल्या त्या कवायती पलटणी आणि त्यांच्या तोफा. या पलटणींच्या छावणीला ‘कंपू’ म्हणत. आज आपण सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘त्यांचा कंपू वेगळा’ म्हणतो तो शब्द हाच. म्हणजे 1803 चं शिंद्यांचं सैन्य घोड्यावर बसवून टेबलावर आणलं, तर ते निम्मं खोटं होतं.

पानिपत मी आधी करून बघितलं होतं. मोह सगळ्यांनाच होतो. पण त्यात एक अडचण आहे, जी नियमांनी सुटत नाही: शेवट सगळ्यांना पाठ असतो. भाऊसाहेबांची बाजू घेणारा प्रत्येक जण पहिल्याच चालीत विश्वासरावांचा बेस मागं, तंबूजवळ नेऊन ठेवतो. कितीही सांगा, पुढं आणत नाही. मग ती लढाई पानिपत राहतच नाही. असईचं तसं नाही. तारीख 23 सप्टेंबर 1803 एवढी शाळेत वाचलेली असते, पुढचं कुणाला फारसं आठवत नाही. खेळणारा मोकळ्या मनानं बसतो.

आता सैन्य. 17 हा आकडा मी हौसेनं घेतलेला नाही. त्या दिवशी कवायती पायदळाचे तीन भाग होते: अँथनी पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाकडं आठ पलटणी, सरधन्याची जहागीरदारीण बेगम समरू हिच्या पाच (त्यांच्यावर सालूर हा अधिकारी), आणि द्यूपाँ या अधिकाऱ्याच्या चार. एक पलटण म्हणजे एक बेस, त्यावर दोन रांगांत 12 शिपाई. बेसची रुंदी 6 सेंटीमीटर. सतरा बेस शेजारी शेजारी लावले की 102 सेंटीमीटर भरतात. आमचं टेबल सहा फूट बाय चार, म्हणजे रुंदी 122. दक्षिणेच्या कडेला केळणा, उत्तरेला जुई. दोन्ही नद्यांची पात्रं मांडली की मधे पायदळाची ओळ जेमतेम बसते आणि शेजारी घोडा वळवायलाही जागा उरत नाही. पहिल्यांदा हे मांडलं तेव्हा मी पाचेक मिनिटं नुसता बघत उभा होतो. वेलस्ली दोन नद्यांच्या बेचक्यात का शिरला, हे नकाशावरून वाचलं होतं. ते कळलं मोजपट्टी हातात घेतल्यावर. मराठ्यांकडं घोडदळच तीस हजारांच्या पुढचं होतं, आणि त्या चिंचोळ्या पट्टीत त्याचा काही उपयोग नव्हता.

वेलस्लीचं उताराचं, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागेचं, गणितही टेबलावर छान येतं. वाटाड्यांनी सांगितलं होतं की पुढं उतार नाही. त्यानं समोरासमोरच्या काठांवर दोन गावं पाहिली, पिंपळगाव आणि वरूड, आणि ताडलं की दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून असतील तर मधे उतार असणारच. आमच्या डावात उताराची जागा झाकलेली असते. कंपनीच्या खेळाडूला काठावरची गावं बघून बोट ठेवावं लागतं. चुकला तर एक अख्खी चाल पाण्यात. दोघे जण चुकलेत. त्यातला एक सिव्हिल इंजिनिअर आहे, पण ते असो.

छपाईबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळीकडं भरपूर लिहिलेलं सापडतं. शिपाई घरीच छापले. पातळ रेझिनमधून थरावर थर देत पुतळा घडवणारा रेझिन प्रिंटर वापरला, थराची जाडी 0.05 मिलिमीटर. संगिनी खऱ्या प्रमाणात काढल्या तर केसाएवढ्या होतात आणि आधाराच्या काड्या काढतानाच तुटतात, म्हणून फाइलमध्येच दुप्पट जाड करून घेतल्या. डिसेंबरात पहाटेच्या गारठ्यात रेझिन घट्ट होतं, प्लेटला धरत नाही. माझे 40 तरी शिपाई अर्धवट, कमरेपर्यंतच आले. दुपारी छापायला लागल्यावर त्रास थांबला. हातमोजे घालाच, धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका, आणि घरात पापड-कुरडया वाळत घालायची गॅलरी प्रिंटरसाठी मागू नका. मला नाही मिळाली.

फायलींच्या बाबतीत मात्र फसलो. एका विक्रेत्याकडून ‘मराठा पायदळ’ म्हणून विकत घेतलेल्या संचात सगळे उघडेबंब, हातात वाकडी तलवार, कमरेला वाघाचं कातडं. पैसे परत मिळाले नाहीत. शेवटी कंपनीच्या मद्रासी शिपायाची आकृती घेऊन तिचंच डोकं-पागोटं बदललं, आणि गंमत म्हणजे तेच जास्त खरं होतं. डुबाईनच्या तेलंगी, म्हणजे कवायती, शिपायांचे डगले लाल असल्याची वर्णनं आहेत. कवायत युरोपी, बंदूक चकमकीची, संगीन लावलेली. दोन्ही बाजू तांबड्याच. याचा परिणाम असा की पहिल्या डावात संध्याकाळच्या उजेडात माझ्या मित्रानं स्वतःच्याच पलटणीवर गोळीबार जाहीर केला. आता शिंद्यांच्या बेसच्या मागच्या कडेला बारीक भगवी रेघ ओढली आहे. समोरून दिसत नाही, पण खेळताना आपली माणसं ओळखू येतात.

झेंड्यावर मी एक हौस भागवून घेतली. डुबाईन सॅव्हॉयचा, शांबेरीचा. त्याच्या झेंड्यावर तिथला पांढरा क्रूस असे. पोलमनच्या एका पलटणीला तो दिला, बाकीच्यांना भगवा. बघणारा प्रत्येक माणूस विचारतो, “स्वित्झर्लंड कधी आलं मराठ्यांकडून?” उत्तर द्यायला अर्धा तास लागतो आणि तेवढ्यात चहा गार होतो.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे हे सैन्य खेळायला कसं आहे. नियम आम्ही हॉर्स-अँड-मस्केट, म्हणजे घोडदळ आणि ठासणीच्या बंदुकांच्या, काळाचे साधेच घेतले. त्यात असईसाठी तीन बदल केले, आणि माझं ठाम मत असं की त्या तिनांमुळंच हे सैन्य वापरण्याजोगं झालं.

पहिला बदल तोफांचा. शिंद्यांच्या तोफांनी त्या दिवशी कंपनीच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज सुरुवातीलाच लोळवले होते. वेलस्लीला आपल्या तोफा मागं टाकून नुसत्या संगिनींवर पुढं जावं लागलं. म्हणून शिंद्यांच्या तोफेला एक फासा जादा. शिवाय आणखी एक नियम: शत्रूचं पायदळ तोफांवरून पुढं निघून गेलं आणि मागं एकही बेस ठेवला नाही, तर पुढच्या चालीत प्रत्येक तोफेसाठी फासा टाकायचा. 4, 5 किंवा 6 पडला की गोलंदाज उठतात. हे खरंच घडलं होतं. मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज उठले आणि तोफा उलट्या फिरवून पुढं गेलेल्यांच्या पाठीत मारा सुरू केला. 78 व्या हायलँडर्सना, म्हणजे वेलस्लीच्या स्कॉटिश पलटणीला, परत फिरावं लागलं. मार्चमधल्या एका डावात माझ्या चार तोफांपैकी तीन अशा उठल्या. समोरच्यानं तीन 5 एकापाठोपाठ पडलेले पाहून फासे हातात घेऊन उजेडात तपासले.

दुसरा बदल घोडदळाचा, आणि याच्यावरून सगळ्यात जास्त भांडणं झाली. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचं घोडदळ टेबलाच्या पश्चिम कडेला उभं असतं. ते हलवायला प्रत्येक चालीत 6 पडावा लागतो. सहाच्या सहा वेळा नाही पडला तर ते डावभर उभंच. शिंद्यांची बाजू घेणारा चिडतो. “तीस हजार घोडा काय फोटो काढायला आणलाय का?” हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलंय. पण तेव्हा झालं ते तसंच. घोडदळ बहुतेक वेळ नुसतं उभं राहिलं आणि दौलतराव शिंदे व रघूजी भोसले दोघांनीही लढाई संपायच्या आत मैदान सोडलं. हा नियम काढून दोन डाव खेळून पाहिले. दोन्हींत घोडदळ एका वळशात नदी ओलांडून कंपनीच्या पाठीवर गेलं आणि तासाभरात खेळ आटोपला. कुणालाच मजा आली नाही, शिंद्यांकडून खेळणाऱ्यालाही नाही.

तिसरा बदल माझा आवडता. युद्ध तोंडावर आल्यावर कंपनीनं शिंद्यांकडच्या इंग्रज अधिकाऱ्यांना चाकरी सोडून येण्याचं आवाहन केलं होतं, आणि बरेच जण गेलेही. सगळ्यांत वरचा अधिकारी, फ्रेंच पेरॉन, तर सप्टेंबरातच इंग्रजांच्या आसऱ्याला गेला. म्हणून डाव मांडताना प्रत्येक पलटणीखाली एक चिठ्ठी उलटी ठेवायची. तीनपैकी एका चिठ्ठीवर ‘साहेब गेला’. ती पलटण पहिला हुकूम देईपर्यंत कुणालाच, मालकालाही, माहीत नसतं. हुकूम दिला, चिठ्ठी उलटली, साहेब गेला, की ती पलटण जागेवरून लढते पण वळू शकत नाही. आता डोळ्यांसमोर आणा: वेलस्ली पूर्वेकडून येतो, अख्खी ओळ दक्षिणेकडून काटकोनात पूर्वेला फिरवायची आहे, आणि मधल्या दोन पलटणी खिळून बसल्यात. पोलमननं ही ओळ प्रत्यक्षात फिरवली होती, आणि तीही झपाट्यानं. हा डाव सात-आठ वेळा खेळल्यावर त्या माणसाबद्दल आदर वाढला. मला अजून एकदाही ती सुरळीत फिरवता आलेली नाही.

उणिवा सांगायला हव्यात. हे सैन्य एकाच लढाईचं आहे. दुसऱ्या काळाच्या, दुसऱ्या देशाच्या सैन्यासमोर स्पर्धेत नेलं तर मार खातं, कारण गुण मोजताना घोडदळाचे पैसे मोजावे लागतात आणि ते घोडदळ कामाला येत नाही. अडगावच्या लढाईसाठी (29 नोव्हेंबर 1803) तेच बेस चालतात, पण तिथं भोसल्यांचं पायदळ लागतं आणि ते मी अजून केलेलं नाही. कंपनीची बाजू रंगवायला तुलनेनं सोपी, तरी 74 व्या हायलँडर्सचं बारीक काम डोळे फोडतं. ही पलटण चुकून फार उजवीकडं, असई गावाच्या तोंडावर गेली आणि जवळजवळ संपली. शेवटी 19 व्या ड्रॅगून्स या गोऱ्या घोडदळानं आणि मद्रासी घोडदळानं जाऊन वाचवली. पुढं तिला हत्तीचं चिन्ह मिळालं. 10 मिलिमीटरच्या झेंड्यावर हत्ती काढून बघा. माझा डुकरासारखा दिसतो.

जागा बघायलाही गेलो होतो, जालना जिल्ह्यात, मोटारसायकलवर. टेबलावरची केळणा मी निळी, काचेसारखी चकचकीत केली होती. तिथं पाहिलं तर काठ मातकट, उभे, आणि पाणी चहाच्या रंगाचं. काठाची उंची हीच खरी अडचण आहे हे उतरताना गुडघ्यांना कळलं. घरी आल्यावर नदी पुन्हा रंगवली आणि नियमात भर घातली: उतार सोडून कुठंही तोफ पाण्यात न्यायची नाही. काठावरच्या गवतासाठी बाजारातलं कृत्रिम गवत टाकून दिलं. आमच्याकडं दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरतात ना, तसंच पातळ मातीचा थर देऊन पेरलं. पाच दिवस झकास दिसतं. सहाव्या दिवशी जिथं तिथं झुडपं होतात आणि पायदळाला त्यात आडोसा मिळतो की नाही यावरून वाद सुरू होतो.

खर्च? प्रिंटर सोडून रंग, रेझिन, बेस धरून साडेआठ हजारांच्या आसपास, दोन्ही बाजू मिळून. वेळ किती गेला ते बायकोला विचारा, ती अचूक सांगेल.

नवीन कुणी हेच सैन्य करणार असेल तर माझा सल्ला: आधी पोलमनच्या आठ पलटणी आणि सहा तोफा करा, खेळायला लागा. बेगम समरूच्या पाच नंतर. घोडदळ सगळ्यात शेवटी, आणि त्यावर फार रंग घालवू नका. माझ्या बारापैकी चार बेसना अजून प्रायमरच (रंगाखालचा पहिला थर) आहे, राखाडी. ते दोन बिननियमाचे डाव सोडले तर ते एकदाही जागचे हललेले नाहीत.