बेळगावच्या टिळकवाडीतलं काउन्सेलिंग सेंटर : ५ पैकी ४ स्टार

टेन्शन कुणाला नसतंय, त्यासाठी पैसे देऊन काय बोलायचं असं आमच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, सगळेच म्हणतात. माझी बीपीची गोळी सुरू झाली आणि झोप मधेच तुटायला लागली तेव्हा फॅमिली डॉक्टरनीच इथं पाठवलं.

मॅडम मराठीत बोलतात हे लई बरं, घरातली भानगड इंग्लिशमध्ये सांगायला गेलं की निम्मी आतच राहते. आधी एक छापील लिस्ट हातात देतात, होम्स आणि राहे या अमेरिकन डॉक्टरांची, १९६७ची, आयुष्यातल्या ४३ घटना आणि कुठल्या घटनेचा किती ताण त्याचे मार्क. जोडीदार गेला तर १००, घटस्फोट ७३, लग्न ५० (होय, लग्नालापण!). माझे मार्क अगदीच किरकोळ. मग मॅडमनी तो कागद बाजूला सारला आणि विचारलं, रोजचं काय चालूय जे संपतच नाही? मग निघालं की एकेक, दर आठवड्याला बदलणारी शिफ्ट, बायकोच्या महिला संघाच्या कर्जाचा हप्ता, गावाकडचं ऊसबिल (कायद्यानं १४ दिवसांत यायला पाहिजे, येतंय होय!), आईची शुगर आणि कुठलापण सण आला की डॉल्बी.

त्यांचं म्हणणं असं की कुत्रं अंगावर आलं तर अॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन वाढतात, छाती धडधडते, कुत्रं गेलं की सगळं खाली येतंय. पण हप्ता कुठं जातोय, पुढच्या आठवड्यात परत दारात, मग शरीर कायम तयारीतच, त्यातनं बीपी, पोट, झोप सगळं बिघडतंय. कॉर्टिसॉल तसं सकाळी जास्त आणि रात्री कमी असतंय म्हणे, नाईट शिफ्टनं तेपण उलटंपालटं.

आता मॅडमनी काय माझा हप्ता भरला नाही, पण आईच्या दवाखान्याचं बहिणीबरोबर वाटून घ्यायला लावलं आणि फोरमनशी शिफ्टबद्दल काय बोलायचं ते बसून ठरवलं, तेवढ्यानं फरक पडला. औषध त्या देत नाहीत, गरज वाटली तर सायकियाट्रिस्टकडं पाठवतात. रात्रीअपरात्री लागलं तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चिठ्ठीवर लिहून देतात, सरकारी आहे, फुकट.

एक स्टार कापला तो रिसेप्शनसाठी. सगळ्यांसमोर मोठ्यानं "काय त्रास आहे?" विचारतात, अहो तेच सांगायला आत चाललोय ना! फॉर्म पण कन्नड-इंग्लिशमध्येच. शनिवारी जाऊ नका, खानापूर, चंदगडकडची गर्दी असते आणि गाडी लावायला जागा अजिबात नाही.